आठवा स्कार्फ

पेठ, ता. आंबेगाव
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय नसीम,
सप्रेम जय भीम.

गेल्या आठवड्यात मी तुला चार फोन केले. चारही वेळा तू "बरं बरं, सावकाश ये" म्हणून ठेवून दिलास. मी कुठे येते म्हणत होते गं, लोकरीचं विचारत होते. शेवटी कागद घेतला. एका परीनं बरंच झालं. तुमच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहायचे, तिथून माझी बदली झाली, त्यानंतर वर्षभर आपण पत्रं लिहायचो. त्याला आता तीस वर्षं होतील.

बातमी अशी की तीस सप्टेंबरला मी निवृत्त झाले. चौतीस वर्षं नर्सबाई होते, आता नुसती बाई. पहिल्या आठवड्यात घरातली सगळी कपाटं आवरली. दुसऱ्या आठवड्यात राकेशचं कपाट आवरलं, तेव्हा तो म्हणाला, "आई, तू स्वतःला काहीतरी काम शोध." म्हणून तू शिकवलेलं विणकाम पुन्हा काढलंय. सुया सापडल्या, पण हात विसरलेत. सुलट आणि उलट, एवढंच येतं.

मनात असं आहे की माझ्याबरोबर काम केलेल्या आठ आशाताई आहेत, त्यांना प्रत्येकीला हातानं विणलेला स्कार्फ द्यायचा. तीन जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, त्यांना घरी जेवायला बोलावते आहे. निरोपाला त्यांनी मला साडी दिली, भाषणं केली, आणि मी "धन्यवाद" म्हणून खाली बसले. ते मनाला लागून राहिलंय.

मोबाईलवर नमुने शोधले. इतके दिसले की एकही सुचेना. त्यातले चार राकेशने छापून आणलेत, ते सोबत पाठवते. मला हरणांचा आवडला. आठही सारखेच करावेत म्हणते, म्हणजे कुणी रुसायला नको. आठ जणींची लोकर पाठव आणि टाके किती घालायचे ते लिही. पप्पू फुलांची गाडी घेऊन रोज जुन्नरहून पुण्याला जातो आणि पेठला चहाला थांबतो. त्याच्याकडे दे.

गफूरभाईंना सलाम सांग.

तुझी,
रत्ना


जुन्नर
१९ ऑक्टोबर

प्रिय रत्ना,
सलाम.

तुझं पत्र शेवंतीच्या वासाचं आलं. पप्पूने फुलांच्या रिकाम्या पोत्यांवर टाकलं असणार.

फोनचं म्हणशील तर जुन्नरात हल्ली नेटवर्कच धड नाही. समोरचा बोलतो एक आणि पोचतं भलतंच. पत्रच बरं.

तुझी हरणं परत पाठवली आहेत. कुठली गं ही? डोक्यावर झाड उगवल्यासारखी शिंगं, मागे बर्फ. आंबेगाव तालुक्यात बर्फ कुणी पाहिलाय, तुझ्या लसींच्या डब्यातला सोडला तर? आणि आठही सारखे तर मुळीच करायचे नाहीत. तो शाळेचा गणवेश होईल.

चाळीस वर्षं ह्या लोकरीच्या दुकानात बसते मी. बाया येतात आणि विचारतात, "नवीन डिझाईन काय आहे?" मी विचारते, "कुणासाठी?" "जावेसाठी." "जाऊ सकाळी सहाला काय करते?" ते सांगता येत नाही. मग मी म्हणते, जा, बघून ये, डिझाईन माझ्याकडे नाही, तुझ्या जावेकडे आहे. हे ह्यांना आवडत नाही. म्हणतात, आलेलं गिऱ्हाईक घालवतेस. पण ती बाई दोन दिवसांनी येते आणि तिला नेमकं काय हवं ते ठाऊक असतं.

तर तू प्रत्येकीकडे तासभर जाऊन बस. सुया घरी ठेव. तिचे हात कशात असतात, पदर कुठे खोचते, गळ्यात काय आहे, कुठला रंग तिच्या घरात पुन्हा पुन्हा दिसतो, एवढं बघ आणि मला लिही. मग लोकर पाठवते.

दुसऱ्यांना एवढं शिकवते, आणि माझ्याच घरी अडले आहे. शाहनवाजचं लग्न मे महिन्यात झालं. गावातल्या निम्म्या सुनांना मी विणून दिलंय, पण माझ्या सुनेसाठी, आरफासाठी, पाच महिन्यांत काही सुचलं नाही. दोघं नाशिकला असतात. दिवाळीच्या सुट्टीत येतील, तेव्हा बघते.

नसीम


पेठ
५ नोव्हेंबर

प्रिय नसीम,

तुझं ऐकलं. फराळाचं निमित्त काढून घरोघर गेले. ह्या घरांत मी वर्षानुवर्षं जाते, पण हातात रजिस्टर असायचं. लेकरू किती किलोचं, पाणी कुठलं पिता, एवढंच बघायचे. ह्या वेळी पहिल्यांदा त्या बाईकडे बघितलं.

कोंडाबाई सगळ्यांत थोरली. तिनं घरामागे कांद्याचं रोप टाकलंय. बोलता बोलता ती वाफ्यांकडेच बघत असते. हिरवी बारीक पात, सरळ ओळी, मधे काळी माती. मला वाटलं, हाच हिचा स्कार्फ. बरोबर आहे का?

छबूच्या दोन म्हशी आहेत. पहाटे धारा काढते. मी म्हटलं, "तुला गोंड्यांचा करते." ती म्हणाली, "गोंडं नको बाई, म्हस खाती." आणि रंग शेणाचा डाग न दिसेल असा हवा, हेही तिनंच सांगितलं.

मनकर्णा स्कूटीवर फिरते. मागच्या वर्षी तिची ओढणी चाकात गेली. म्हणाली, "ओढणीमागं मी बी गेले असते." तिला टोकं नसलेलं काहीतरी हवं, आणि संध्याकाळी मागच्या गाडीवाल्याला दिसेल अशा रंगाचं. तिच्या दारात झेंडू आहे, तसला भगवा-पिवळा चालेल?

एकीला लोकरीनं शिंका येतात. मी इतकी वर्षं तिला सर्दीच्या गोळ्या देत होते, आणि ती स्वेटरवर स्वेटर घालत होती. बाकी तिघींचं वेगळ्या कागदावर लिहिलंय.

खरं सांगू, मला मजा आली. रोज संध्याकाळी घरी येऊन राकेशला सांगत बसते, तो जेवता जेवता हसतो. आता सात जणींची लोकर पाठव.

तुझी,
रत्ना


जुन्नर
८ नोव्हेंबर

प्रिय रत्ना,

कोंडाबाईचं अगदी बरोबर. चार ओळी हिरव्या, दोन काळपट तपकिरी. वीण साधी ठेव, रंगच बोलू दे. छबूला गडद तपकिरी, घट्ट विणायचा, टोकं सरळ. मनकर्णाचा लांब विणायचा आणि दोन्ही टोकं जोडून टाकायची, म्हणजे डोक्यातून घालता येईल असा गोल होतो. शिंकांवालीला लोकर नाहीच, सुती धागा पाठवते आहे. चाळीस टाके घाल आणि प्रत्येक ओळीनंतर मोज. तू मोजणार नाहीस, तरी सांगते.

पहिल्या पत्रात आठ होत्या. दुकानदार बाई आकडा विसरत नाही. आठवी कुठे गेली?

शाहनवाज आणि आरफा चार दिवस राहून गेले. पोरगी सुंदर आहे, कामाची आहे, पण घुमी आहे गं. ओठ हलतात आणि शब्द बाहेर पडत नाही. एकदा मी बाहेरच्या खोलीत विणत होते, ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन काहीतरी पुटपुटली. मला वाटलं भाजीचं विचारते. मी म्हटलं, "त्याच्यावर झाकण ठेव." ती तशीच आत गेली. नंतर चार दिवस माझ्याशी कामापुरतंच. अशा माणसासाठी काय विणायचं? मी आधी हिरवी लोकर काढली, मग निळी, मग दोन्ही परत फडताळात ठेवली.

नसीम


पेठ
२४ नोव्हेंबर

प्रिय नसीम,

उशीर झाला. कोंडाबाईचा स्कार्फ पूर्ण झाला. चाळीस टाक्यांनी सुरू केला आणि त्रेपन्नांवर संपला. एका टोकाला स्कार्फ, दुसऱ्या टोकाला टॉवेल. निम्मा उसवून पुन्हा विणला. छबूचा चांगला जमला, मनकर्णाचा चालू आहे.

आठवीचं नाव वैजयंता. ती माझ्याशी बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी लसीकरणात एक गडबड झाली. डब्यातल्या लसी गोठून वाया गेल्या, चौदा आयांना लेकरं घेऊन परत जावं लागलं. मला वर लिहून द्यावं लागलं, तिला नोटीस आली, आणि तेव्हापासून अबोला. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमातही शेवटपर्यंत मागे उभी राहिली आणि एक शब्द न बोलता गेली. तिला बोलावून सगळ्यांचीच तोंडं कडू कशाला करायची? सातच बऱ्या.

आता एक नर्स म्हणून लिहिते, रागावू नकोस. आरफा घुमी नाही. तुला ऐकू येत नाही. जुन्नरच्या नेटवर्कमध्येही काही दोष नाही, पप्पू तिथूनच माझ्याशी तास तास बोलतो. मागच्या वर्षी मी आले तेव्हा मी डाव्या बाजूनं बोलले की तू हसून मान हलवायचीस, प्रश्न विचारला तरी. तेव्हाच बोलायला हवं होतं. कान तपासून घे. यंत्र मिळतं, शेंगदाण्याएवढं असतं.

मला तू सांगतेस, तासभर जाऊन बस. तू आरफाजवळ कधी तासभर बसलीस?

तुझी,
रत्ना


जुन्नर
२७ नोव्हेंबर

रत्ना,

मला सगळं ऐकू येतं.

उरलेली लोकर पाठवली आहे. आठवीचीही त्यात आहे. वैजयंताबद्दल तू जे लिहिलंस त्यात "द्यावं लागलं" असा शब्द आहे. तुझ्या आजवरच्या पत्रांत तुला काही करावं लागलं असं तू कधी लिहिलं नाहीस. तू नेहमी "मी केलं" लिहितेस.

नसीम


पेठ
१३ डिसेंबर

प्रिय नसीम,

तुझं चार ओळींचं पत्र पंधरा दिवस उशाखाली होतं. रागानं लिहिलंस, पण नेमकं लिहिलंस.

सातही स्कार्फ झाले. आठवा मी गुपचूप सुरू केला. मनात आलं, हिला सगळ्यांत भारी द्यायचा. वेणीची वीण घेतली, केसांच्या पेडासारखी असते ती. पांढरीशुभ्र लोकर. चार वेळा विणला, चार वेळा उसवला. प्रत्येक वेळी टाका गळतो. काल समजलं की सुयांचा दोष नाही.

लसींच्या डब्यात बर्फाची पाकिटं ठेवतात. ती फ्रीजमधून काढली की थोडा वेळ बाहेर ठेवून पाझरू द्यायची आणि मगच भरायची, नाहीतर शेजारची लस गोठते. हे मी दर वर्षी सगळ्या आशाताईंना शिकवायचे. त्या दिवशी मला घाई होती. पाकिटं काढली आणि तशीच कडक डब्यात भरली. मी भरली, नसीम. वैजयंतानं डबा फक्त उचलून वस्तीवर नेला.

साहेबांनी विचारलं तेव्हा मी लिहून दिलं, "डबा सकाळपासून आशाताईंच्या ताब्यात होता." शब्द न शब्द खरा आहे, आणि सगळं मिळून खोटं. नोटीस महिन्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचली गेली. ती गटप्रवर्तक होणार होती, बाकीच्या आशांवर देखरेख करणारी. तिचं नाव यादीतून गेलं. कुठल्या लेकराला काही झालं नाही, एवढंच मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले.

तू पहिल्याच पत्रात गमतीनं लसींच्या डब्यातला बर्फ लिहिलास, तेव्हा मी पत्र खाली ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले होते.

वेणीची वीण नीट कशी घालायची ते सांग. हा स्कार्फ चांगला झालाच पाहिजे.

रत्ना


जुन्नर
१६ डिसेंबर

प्रिय रत्ना,

नाही सांगणार. तो स्कार्फ कितीही चांगला झाला तरी वैजयंता तो गळ्यात कशी घालेल? तिला तो टोचेल. पांढरी लोकर बाजूला ठेव, रिकाम्या हातानं तिच्या घरी जा आणि तोंडानं सांग. ती काय म्हणेल ते ऐकून घे. ती शिव्या देईल तर शिव्या ऐक. मग तासभर बस, बसू दिलं तर. त्यानंतर काय विणायचं ते तुझं तुला दिसेल.

तू एवढं लिहिलंस, तर मीही लिहिते. रविवारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मी शेजारच्याच खोलीत होते. ह्यांनी दुकानातून येऊन गॅस बंद केला. म्हणाले, "पाच झाल्या." मी एकही ऐकली नव्हती. मग ह्यांनी हळूच सांगितलं की वर्षभर ते मुद्दाम मोठ्यानं बोलतात, आणि गिऱ्हाईकांना वाटतं आमचं भांडण चालू आहे.

मी गुरुवारी नाशिकला जाते आहे. जुन्नरहून आळेफाटा, तिथे गाडी बदलायची. शाहनवाजला कळवलं नाही. कळवलं की तो चांगली भाजी आणतो आणि बोलणं राहून जातं.

तूही ह्याच आठवड्यात जा.

नसीम


पेठ
२३ डिसेंबर

प्रिय नसीम,

गेले. शनिवारी दुपारी. वैजयंता ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी पायरीवर बसले. घरातून निघताना मोठं बोलणं ठरवलं होतं, त्यातलं एकच वाक्य आलं.

"वैजयंता, त्या दिवशी डब्यात बर्फ मी भरला होता. न पाझरता."

ती शेंगा सोलत राहिली. म्हणाली, "मला ठावं हाय."

"कसं?"

"मी झाकण उघडलं तवा पाकिटं दगडावानी व्हती. हाताला चिकटली. मी भरली असती तर पाझरून भरली असती. तुमीच शिकवलं व्हतं."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"कुणाला सांगू? तुमी बाई, मी आशा. माजं कोण ऐकणार व्हतं? मी वाट बघितली. आज सांगतील, उद्या सांगतील. निरोपाच्या दिशी तर वाटलं, आज जाता जाता सांगतीलच. म्हणून तर शेवटपर्यंत उभी व्हते."

नसीम, मला रडू आलं. तिनं पाणी दिलं, पण माझ्या रडण्याला ती भुलली नाही. म्हणाली, "माज्यापाशी रडून काय व्हनार बाई? नोटीस समद्यांम्होरं वाचली व्हती. तुमी समद्यांम्होरंच सांगा. आन लिहून बी द्या. लेखी न्हाई तर झालंच न्हाई, ह्ये बी तुमचंच शिकवणं."

मी हो म्हटलं. तू सांगितलं होतंस म्हणून लगेच उठले नाही, तशीच बसून राहिले. तीही मग बोलत राहिली, माझ्याशी कमी आणि शेंगांशी जास्त. तेवढ्यात आतली भिंत दिसली. निळा रंग दिलाय, आणि त्यावर खडूच्या बारीक पांढऱ्या रेघा, ओळीनं. मी विचारलं, हे काय? म्हणाली, वस्तीवरची जेवढी बाळंतपणं तिनं सुखरूप दवाखान्यात पोचवली, तेवढ्या रेघा. दर दिवाळीला भिंत रंगवते आणि सगळ्या रेघा पुन्हा काढते. मी मोजल्या. सत्त्याऐंशी.

पांढऱ्या लोकरीबरोबर आता निळी हवी आहे. भिंतीसारखी, थोडी फिकी. पप्पूला उद्याच दे, दिवस थोडे आहेत.

कागद लिहायला घेतलाय. तीनदा फाडला. निवृत्तीनंतरही चौकशी लागू शकते, असं राकेश म्हणाला. मग म्हणाला, "पण आई, तू दे." तुझं काय झालं ते लिही.

रत्ना


जुन्नर
२६ डिसेंबर

प्रिय रत्ना,

निळी लोकर सोबत आहे. पाच रंग काढले आणि ह्यांना विचारलं, भिंतीसारखा कुठला? हे म्हणाले, कुणाच्या भिंतीसारखा? माझ्याबरोबर राहून शिकलेत.

नाशिकला शाहनवाज कामावर होता, आरफा एकटी घरी. मला दारात बघून घाबरली. तिला वाटलं घरी काहीतरी झालंय. मी आत गेले, बसले, आणि म्हटलं, "आरफा, मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाही." मी उजव्या कानाकडे बोट दाखवलं, तशी ती उठून त्या बाजूला येऊन बसली आणि इतक्या मोठ्यानं बोलायला लागली की शेजारीण दार वाजवून विचारून गेली, सासू-सुनेचं भांडण झालं का.

आणि ती काय म्हणाली ऐक. "अम्मी, दिवाळीत मी दारात येऊन म्हटलं होतं, मलाही विणायला शिकवा. तुम्ही म्हणालात, त्याच्यावर झाकण ठेव. मला वाटलं तुम्हाला मी आवडत नाही."

मी हसले, ती हसली, मग मला हसता येईना. सात महिने मी तिच्यासाठी रंग शोधत होते, आणि पोरीला सुया हव्या होत्या. दोन दिवस तिथेच राहिले. पहिल्याच दिवशी ती वीस ओळी विणून बसली, आणि तुझ्यापेक्षा सरळ, वाईट वाटून घेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी तीच मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. उजवा थोडा बरा आहे, डावा गेल्यातच जमा. यंत्र पंधरा दिवसांत येईल.

तीन तारखेला जेवणाआधी बोल. जेवणानंतर बोललीस तर घास तुझ्या घशातून उतरणार नाही.

नसीम


पेठ
४ जानेवारी २०२५

प्रिय नसीम,

आठही आल्या. वैजयंता सगळ्यांत शेवटी आली आणि दाराजवळ बसली. नवीन डॉक्टर मॅडमनाही बोलावलं होतं. सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घातला, आणि पानं वाढायच्या आधी मी उभी राहिले.

कागद हातात होता, पण वाचला नाही, तोंडानंच सांगितलं. बर्फ कुणी भरला, मी काय लिहिलं, काय लपवलं, आणि त्यामुळे वैजयंताचं काय गेलं. पाच मिनिटंही लागली नसतील. दोन वर्षं ज्याला भीत होते, ते पाच मिनिटांचं होतं. बाहेर चुलीवरच्या भाताचं पातेलं तेवढं वाजत होतं.

मग कोंडाबाई म्हणाली, "दोन वरसं आमी बी वैजूला टोमणं मारलं. लस गोठवली, लस गोठवली म्हणून." ती उठली आणि वैजयंताचा हात धरून तिला दारातून मधे आणून बसवलं. पहिलं पान तिला वाढलं. छबू मात्र जेवताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही. माझा भात तिनं वाढला, पण मान वर केली नाही. तेही बरोबरच आहे. डॉक्टर मॅडमनी कागद घेतला आणि सही करून पोच दिली. म्हणाल्या, "नोटीस रद्द करायला मी लिहीन, गटप्रवर्तकाचं मात्र आज सांगता येणार नाही." वैजयंतानं ती पोच दोनदा वाचली, घडी घातली आणि ब्लाउजात ठेवली.

मग स्कार्फ काढले. मला वाटलं होतं कुणी घेणार नाहीत. पण कोंडाबाईनं आपला उघडला आणि म्हणाली, "आगं, ह्यो तर माजा वाफा." तिथून सगळ्या सैलावल्या. मनकर्णानं डोक्यातून घातला आणि जेवणभर काढला नाही. शिंकांवालीनं मुद्दाम नाकाला लावून बघितला.

वैजयंतानं तिचा मांडीवर पसरला. निळ्यावर पांढऱ्या रेघा. बोटानं मोजायला लागली. आम्ही सगळ्या बघत होतो. शेवटाला पोचली आणि म्हणाली, "सत्त्याऐंशीच हायती."

मी म्हटलं, "हो. भिंतीवर होत्या तेवढ्याच."

"सोमवारी एक झालं. पोरगी हाय. अठ्ठ्याऐंशी."

आधी छबू हसली. मग सगळ्याच. वैजयंता हसली नाही, पण जाताना स्कार्फ तिच्या गळ्यात होता.

तुझी,
रत्ना


जुन्नर
२२ जानेवारी

प्रिय रत्ना,

काल दुपारी दुकानात एक बाई आली. उंच, सावळी, गळ्यात निळा स्कार्फ. नाव सांगायची गरज नव्हती. वाटलं, परत करायला आली. ह्यांनी खुर्ची दिली, मी कानातलं यंत्र नीट केलं. हो, आलंय, आणि शेंगदाण्यापेक्षा मोठं आहे.

ती म्हणाली, मॅडमचं पत्र वर गेलंय, नोटीस मागे घेतल्याचा कागद तिला परवा मिळाला. पुढच्या यादीत नाव घालणार आहेत, बघू. बैठकीत तो कागद मोठ्यानं वाचला. कोंडाबाईनं टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनाच वाजवाव्या लागल्या. हे तुला तिनंच सांगायचं होतं, पण आता मी सांगून टाकलं.

मग म्हणाली, "मला लोकर पायजे. बाईंसाठी काय विणावं सुचंना. बाईच म्हनाल्या व्हत्या, कुणाला काय विणावं सुचत नसंल तर तुमच्याकडं यावं."

मी नेहमीचंच विचारलं, "बाई कशी आहे?"

तिनं खुर्ची पुढे ओढली. मग बोलायला लागली, ते पाऊण तास. हे दोनदा चहा घेऊन आले. ती जे म्हणाली ते सगळं लिहीत नाही. त्यातलं काही तुला झोंबेल, आणि काहीनं तू चढून बसशील. एकच लिहिते. म्हणाली, "माज्याशी वंगाळ वागल्या, ते हायच. पर थंडीत लेकराला हात लावायच्या आदी त्या दोन्ही हात चोळून चोळून गरम करायच्या. लई वेळ. आया म्हनायच्या, चालतंय बाई. तरी करायच्या. येकदाबी इसरल्या न्हाईत."

रंग तिनं स्वतः निवडला. मी वीण दाखवली. पहिल्यांदाच सुया धरल्या आणि चारच टाके गळले, तुझे पहिल्या दिवशी अकरा गळले होते. दर मंगळवारी येणार आहे. आरफाही त्या दिवशी नाशिकहून फोन करणार आहे. मग आम्ही तिघी फोन मधे ठेवून विणू, आणि मला आता बहुतेक सगळं ऐकू येतं.

काय विणते आहे ते तुला सांगायचं नाही, असं तिनं मला बजावलंय. मी शब्द दिलाय, त्यामुळे विचारू नकोस. फक्त एक कर. एक कोरा कागद घे, त्यावर डावा पंजा बोटं पसरून ठेव आणि पेन्सिलीनं कड काढ. मग उजव्याचीही काढ, आणि दोन्ही कागद उद्याच्या उद्या पप्पूकडे दे.

नसीम